वळीव पडून गेल्यावर कोंबड्या का दगावतात? कोल्हापूरच्या उकाड्यात परड्यातल्या कोंबड्या जपण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा: फुलेवाडीच्या एका ताईंकडं घरामागच्या परड्यात बारा कोंबड्या आहेत, काही गावरान, काही गिरिराज या सुधारित जड जातीच्या. खुराडं फळ्यांचं, वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी कोंबड्या चोच वासून धापा टाकतात म्हणून त्या दिवसातून तीन-चार वेळा पत्र्यावर आणि जमिनीवर पाणी मारतात. ऐन उन्हात एकही दगावली नाही. पण वळीव पडला, हवा गार झाली आणि त्याच रात्री दोन गिरिराज कोंबड्या मेल्या. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री सोडलेली होती, वीज गेल्यामुळं पंखा बंद होता. आता त्या विचारतात की गारवा आल्यावर कोंबड्या मेल्या कशा, पाण्यात सोडा किंवा ओआरएस घालावं का, आणि एक कोंबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसू पाहते, ती अंड्यांवर बसवावी का.

ताई, पावसानं हवा गार झाली ती अंगणातली. ताडपत्रीच्या आतली हवा त्या रात्री दुपारपेक्षाही वाईट होती. खुराडं दिवसभर तापलेलं, खालची जमीन तुम्ही मारलेल्या पाण्यानं ओली, चारी बाजू बंद आणि आत बारा कोंबड्या श्वासावाटे वाफ सोडत बसलेल्या. त्यात संध्याकाळी पोटभर दाणे टिपलेले. दरवर्षी पहिल्या-दुसऱ्या वळवानंतर करवीर, कागल, पन्हाळ्याकडून मला असेच फोन येतात आणि बहुतेक ठिकाणी चित्र हेच असतं. त्यामुळं उत्तर जरा सविस्तर देतो.

कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. बाहेर साधारण २५ अंशांपर्यंत हवा असली की ती निवांत असते. तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) आणि उघडे पाय यांतून जादाची उष्णता निघून जाते. ३० च्या पुढं ती पंख अंगापासून सोडून उभी राहते आणि धापा टाकायला लागते. धाप म्हणजे तिचा घामच समजा. घशातला, श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण हवा आधीच दमट असेल तर ओलाव्याची वाफ फारच कमी होते. कोंबडी धापा टाकत राहते, दमते, त्या श्रमानं आणखी तापते, आणि अंग काही गार होत नाही.

म्हणून मी कोल्हापुरातले उन्हाळ्याचे दिवस दोन प्रकारचे धरतो आणि दोन्हींना वेगळा इलाज सांगतो. एक कोरडी झळ: मार्च-एप्रिलची दुपार, पारा ३८-३९, ओठ फुटतात, वाळत घातलेली चादर तासाभरात खडखडीत होते. दुसरी गदमद: आभाळ भरून येतं, वारा पडतो, पारा ३०-३२ वरच असतो पण अंगाला सदरा चिकटतो. वळवाच्या आधीचे दोन तास आणि नंतरची रात्र अशी असते, आणि मेच्या शेवटापासून मृगाचा पाऊस धरेपर्यंत तर सगळे दिवसच तसे जातात. कोरड्या झळीत पाणी मारणं हा उत्तम उपाय आहे. गदमदीत तेच पाणी कोंबडीचा गळा धरतं. तिथं मुख्य उपयोग वाऱ्याचा.

आज कोणता दिवस आहे हे अंदाजानं ठरवू नका. दोन साधे थर्मामीटर घ्या, खुराड्यात सावलीत शेजारी शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळा आणि चिंधीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा, म्हणजे ती कायम ओली राहील. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही वाचा. ओल्या चिंधीचा थर्मामीटर सात-आठ अंशांनी किंवा त्याहून खाली असेल तर बिनघोर पाणी मारा. फरक तीन अंश किंवा कमी असेल तर पाण्याचा पाईप बंद करा आणि आडोसे काढा. एप्रिलच्या दुपारी हा फरक दहा-बारा अंशांवर जातो, वळीव पडून गेल्यावर दोनवर येतो. तुमच्या त्या रात्री तो जवळपास शून्यच असणार.

आता कोरड्या दिवसांची तयारी. सगळ्यात आधी पत्रा. उन्हात पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती उष्णता सरळ खाली कोंबड्यांच्या पाठीवर येते. आपल्याकडं उसाच्या पाल्याला तोटा नाही. गळीत हंगाम संपताना शेतकरी तो पेटवूनच देतात. अर्धा ट्रॉली मागून आणा आणि पत्र्यावर वीतभर जाडीचा थर सुतळीच्या जाळीत बांधून घाला. नुसता पसरला तर पहिल्याच वळवात उडून शेजाऱ्याच्या गच्चीवर जाईल. वरून वीजेची तार जात असेल तर पाला नको, तिथं चुना लावा: विरवून गार केलेला चुना, त्यात चिकटण्यासाठी थोडं फेविकॉल, दोन हात. पांढरा पत्रा ऊन परतवतो आणि आत फरक हाताला कळतो. पाल्याच्या थरावर सकाळी अकराच्या सुमाराला एकदा पाणी शिंपडलं की दुपारी तीनपर्यंत पुरतं. दिवसातून चार वेळा मारायची गरज नाही, आणि चार वाजल्यानंतर तर अजिबात मारू नका, कारण ती ओल रात्रीसाठी शिल्लक राहते.

पश्चिमेची बाजू हा कोल्हापूरचा खास पेच आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या अंगानं येतो आणि दोननंतरचं ऊनही तिकडूनच येतं. बहुतेक जण ऊन अडवायला पश्चिमेला ताडपत्री किंवा पत्रा ठोकतात आणि त्याबरोबर वाराही बंद करून बसतात. आडोसा खुराड्याला चिकटवू नका. चार-पाच फूट लांब, बांबूच्या चौकटीवर हिरवी शेडनेट ताणा, खालून दोन फूट मोकळी सोडा. त्याहून चांगला इलाज म्हणजे वेलाचा मांडव. दोडका किंवा घेवडा जानेवारीत लावला तर एप्रिलला दाट सावली होते, पानांमधून वारा खेळतो आणि कोंबड्या खालच्या मऊ मातीत खड्डे करून पोट टेकून बसतात. ती मातीतली लोळण त्यांचा स्वतःचा गारवा आहे. झाडाखालची एक जागा सकाळी थोडी ओली करून ठेवा, दुपारी सगळ्या तिथंच सापडतील.

पाणी किती ठेवता यापेक्षा ते किती गार आहे ते बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी एक वाजता हातावर घ्या, चटका बसतो. कोंबडी असं पाणी चोच बुडवून सोडून देते, आणि मालकीण म्हणते भांडं तर भरलेलं होतं. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हाळ्यात ते दुप्पट आणि कधी त्याहून जास्त होतं. म्हणजे तुमच्या उरलेल्या दहा जणींना पाच-सहा लिटर गार पाणी हाताशी हवं. मातीचे पसरट परळ सगळ्यात चांगले, ते पाणी पाझरून गार ठेवतात. तीन ठिकाणी तीन ठेवा, कारण एकच भांडं असलं की जोरकस कोंबडी बाकीच्यांना टोचून हाकलते आणि दुबळ्या तहानेल्या राहतात. बारा आणि तीन वाजता माठातलं पाणी बदला. बर्फ असेल तर एखादा खडा पाण्यात चालेल, अंगावर नको. शिवाय सावलीत एक घमेलं ठेवून त्यात दोन बोटं पाणी घाला. कोंबड्या त्यात पाय बुडवून उभ्या राहतात आणि पायांतून बरीच उष्णता जाते. हे घमेलं गदमदीच्या दिवशीही चालतं, कारण त्यातलं गार पाणी थेट पायांतून उष्णता ओढून घेतं, वाफ होण्यावर सगळं अवलंबून नसतं.

खाण्याबाबत लोक मला विचारतात, मका उष्ण म्हणून बंद करू का. मका काढून टाकण्यापेक्षा वेळ बदला. दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यापासून तीन-चार तासांनी ती ऐन भरात येते. म्हणजे सकाळी दहाला घातलेलं खाद्य दुपारी दीड-दोनला कोंबडीला आतून तापवतं. पहाटे उजाडताना मुख्य खाद्य द्या आणि नऊला भांडी उचला. मधल्या वेळात हिरवं: लसूणघास, शेवग्याचा पाला, काकडीची सालं, कलिंगडाची फोड. शेंगपेंड आणि सुकट मात्र हात राखून घाला, जास्तीची प्रथिनं पचवताना उष्णता अधिक होते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर उरलेलं खाद्य. आणि इथंच गदमदीची अट लागते: आभाळ भरलेलं असेल किंवा वळीव पडून गेला असेल तर संध्याकाळचा वाटा निम्मा करा. गळ्यातली अन्नाची पिशवी भरून घेऊन कोंबडी दमट खुराड्यात बसली की तिचा सगळ्यात कठीण वेळ रात्री नऊ-दहाला येतो, आणि तेव्हा बघायला कुणी नसतं. एका संध्याकाळी निम्मं खाल्ल्यानं कोंबडी वाळत नाही.

तुमच्या दोघी गिरिराजच गेल्या याचंही कारण आहे. अंगानं जड, चरबी जास्त, आणि वजनाच्या मानानं उष्णता टाकायला कातडी कमी. त्याच खुराड्यातली हलकी गावरान कोंबडी तीच रात्र काढते. पुढं नवीन घ्यायच्या झाल्या तर उघड्या मानेच्या कोंबड्या बघा. दिसायला बेढब वाटतात, पण मानेवर पिसं नसल्यानं उकाडा त्यांना चांगला सोसतो.

आता रात्रीविषयी, कारण तुमचं खरं दुखणं तिथं आहे. मुंगूस, मांजर, घूस यांच्या भीतीनं आपण खुराड्याला फळ्या ठोकतो. भीती रास्त आहे, पण फळीऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मारली तर मुंगूसही येत नाही आणि वाराही अडत नाही. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी नको, ती कुत्रं ओरबाडून फाडतं. निदान समोरासमोरच्या दोन भिंती जाळीच्या हव्यात. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट जाळी लावून मोकळी ठेवा, गरम दमट हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर पडते. पावसासाठी ताडपत्री उभी सोडण्याऐवजी पत्र्यालाच दोन-अडीच फुटांची पडवी काढा, तिरपा पाऊस तिच्यावर अडतो. तोवर ताडपत्री वापरायचीच असेल तर फक्त पावसाच्या तोंडाची एक बाजू सोडा आणि पाऊस थांबला की हातातलं काम टाकून आधी ती वर गुंडाळा. कोंबड्या थोड्या भिजल्या तर काही बिघडत नाही, मेच्या महिन्यात भिजलेली कोंबडी वाऱ्यावर सुकते.

वळीव आला की वीज जाते हे धरूनच चाला. पंखा असावाच, जाळीच्या बाहेरून, वायर कोंबड्यांच्या चोचीपासून लांब. पण पंख्यावर सगळी भिस्त ठेवू नका. वीज नसेल आणि हवा कोंदलेली असेल तर खुराड्याचं दार लावायची घाई नको. कोंबड्यांना बाहेर मांडवाखाली नऊपर्यंत बसू द्या, कुणीतरी खुर्ची टाकून राखण बसा, मग आत घ्या. डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, कोंबड्या झाकत असाल तर ते या दिवसांत दोनच कोंबड्यांना एक असं ठेवा आणि खाली दोन विटांचा उठाव द्या. आसपास मुंगूस असेल त्या घरी हे करू नका. रात्रभर जरा गारवा मिळाला तर कोंबडी दुसऱ्या दिवसाचं ऊन सोसते. रात्रही कोंडून गेली तर दुसऱ्या दिवशी ३४ अंशांतही ती कोसळते.

जमिनीवरचं तूस दोन इंचांपेक्षा जाड नको, जाड थर स्वतःच ऊब धरतो. वळवानंतर ओलं झालेलं तूस त्याच दिवशी काढा. त्यातून अमोनियाचा उग्र वास उठतो, धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या छातीत तो जातो, आणि ओल्या उबदार तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात.

सोडा आणि ओआरएसबद्दल. धापा टाकताना कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो आणि अंड्याच्या कवचासाठी लागणारा कच्चा माल कमी पडतो. उन्हाळ्यात कवच पातळ होतं ते यामुळं. खायचा सोडा त्यातली काही तूट भरून काढतो: एक लिटर पाण्याला एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग, तोही फक्त सकाळी आठ ते दोन आणि फक्त कडक उन्हाच्या दिवशी. ओआरएसचं माणसांचं पाकीट एक लिटरऐवजी दोन लिटर पाण्यात करा. दोन्ही एकाच दिवशी नको. शेजारी साधं पाणी कायम असलंच पाहिजे, कोंबडीला मीठ फार सोसत नाही. मिठाचं पाणी स्वतःच्या अंदाजानं करू नका. गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं तर आंबतं आणि हगवण लागते. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं संध्याकाळी ठेवा, कारण कवच रात्री तयार होतं आणि चुना तेव्हाच लागतो. हे सगळं टेकू आहे. हवा खेळत नसेल तर कोणतंही पाकीट कोंबडी वाचवत नाही.

एखादी कोसळलीच तर काय करायचं ते आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आधी ती सगळ्यांपासून बाजूला जाऊन उभी राहते, डोळे मिटते, मान लांबवते, तुरा फिका किंवा काळपट जांभळा होतो, मग पाय पसरून पडते. तिला सावकाश उचला, धावपळ करून पकडू नका. बादलीत साधं गार पाणी घेऊन पायांसकट पोटापर्यंत बुडवा, डोकं वर धरा. तुऱ्यावर आणि गलोलांवर ओला फडका फिरवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. चोचीत पाणी ओतू नका, धापेत ते श्वासनलिकेत जातं आणि वाचणारी कोंबडी तिथंच जाते. तीन-चार मिनिटांनी बाहेर काढून वाऱ्यावर ठेवा, पुठ्ठ्यानं वारा घाला. मान सावरायला लागली की चोच पाण्याला टेकवा, ती आपली आपण पिते. त्या दिवशी दाणा नको.

एक शंका मात्र मिटवून घ्या. उकाड्यानं गेलेली कोंबडी सहसा जड, चांगली खाणारी असते आणि दुपार ते रात्र या वेळात जाते. पुढच्या दिवसांत वेळकाळ न पाहता आणखी मेल्या, हिरवट हगवण दिसली, मान वाकडी झाली, घशात घरघर आली तर राणीखेत या साथीच्या रोगाचा संशय धरा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेली कोंबडी प्लॅस्टिकमध्ये बांधून तपासायला न्या. लस राहिली असेल तर ती पहाटे किंवा दिवेलागणीलाच द्यावी, दुपारी कोंबड्या पकडणं हेच या दिवसांत अर्धं मरण आहे. आणि मेलेल्या कोंबड्या खाऊ नका, चुना टाकून खोल पुरा.

राहिली खुडूक कोंबडी. खुडूक कोंबडी उकाड्यातही जागा सोडत नाही, पाण्यालाही दिवसातून एकदाच उठते, म्हणून मेमध्ये कळपात सगळ्यात जास्त धोका तिलाच. अंड्यांचंही कठीण असतं. साधारण २१ अंशांच्या वर बराच काळ ठेवलेल्या फळीव (कोंबड्यापासून फळलेल्या) अंड्यात जीव अर्धवट वाढायला लागतो आणि पुष्कळदा मरतो. आठवडाभर स्वयंपाकघरात साठवलेली अंडी बसवली तर निम्मी वाया जातील. माझं मत विचाराल तर आत्ता बसवू नका. तिला दोन-तीन दिवस जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागणाऱ्या पिंजऱ्यात, गवत न घालता, पाणी-दाणा देऊन ठेवा, खुडूकपणा उतरेल. बसवायचीच असेल तर घरातली सगळ्यात गार जमीन निवडा, टोपलीत वाळू आणि थोडी पिंजर घाला, नऊपेक्षा जास्त अंडी देऊ नका, तीही तीन-चार दिवसांतली आणि माठाशेजारी गारव्याला ठेवलेली. पहाटे आणि संध्याकाळी स्वतः उचलून पाण्यावर न्या. ती टोपलीतच चोच वासून धापा टाकायला लागली तर अंड्यांचा लोभ सोडून तिला उठवा.